चुन्याचे बाण

कुंडलच्या हंबीररावांनी सव्वीस वर्षं पलटणीत काढली. लडाखात बर्फ तुडवला, जैसलमेरच्या पुढं वाळू तुडवली, आणि सुभेदार होऊन घरी आल्यावर मात्र ते घरापासून उसाच्या फडापर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतरसुद्धा मोटरसायकलवरून जाऊ लागले. त्यांचं चालणं परत सुरू झालं ते त्यांच्या स्वतःसाठी नव्हे, तर त्यांच्या बायकोसाठी, शालूबाईंसाठी.

पलूसच्या डॉक्टरांनी शालूबाईंना सांगितलं होतं की साखर अगदी काठावर आहे, रोज पाऊण तास चाला. शालूबाईंना काम नसताना रस्त्यानं चालायची लाज वाटायची. पहिला आठवडा त्या दुधाची रिकामी किटली हातात घेऊन चालल्या. कुणी विचारलं तर दुधाला निघालेय म्हणून सांगता यावं. हंबीररावांच्या ते ध्यानात आलं तेव्हा ते म्हणाले, "किटली ठेव घरात. डोंगराकडं जाऊ. तिथं बघायला कोण न्हाई."

गावामागच्या डोंगरावर पहिल्या दिवशी शालूबाई तीनदा खाली बसल्या. महिन्याभरात त्या न बसता माथ्यावर जाऊ लागल्या. चौतीस वर्षं त्या डोंगराखाली संसार केला होता, पण वरून गाव कसं दिसतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खाली हिरवागार ऊस, मधूनच कृष्णेची चमक, आणि त्यात आपल्या घराचा निळा पत्रा सापडल्यावर त्या एकट्याच हसत सुटल्या.

पुढं त्यांना विश्वजीत भेटला. तो कडेगावच्या एका हायस्कुलात खेळाचा शिक्षक होता आणि दर दुसऱ्या रविवारी दहा-पंधरा लोकांना घेऊन गडावर जायचा. दोन वर्षांत शालूबाईंनी मच्छिंद्रगड, सज्जनगड, अजिंक्यतारा केले. लाँचनं पाणी ओलांडून वासोट्याच्या जंगलातही त्या जाऊन आल्या. जाळीचे बूट घेतले, पंजाबी ड्रेस शिवला. साखर उतरली, पण एव्हाना साखर हे कारण राहिलंच नव्हतं. चढताना दम लागायचा, पाय भरून यायचे, आणि तरी दुपारपर्यंत आपल्याला कुणी काही मागत नाही, चहा झाला का म्हणून विचारत नाही, हे त्यांना फार आवडायचं. हंबीरराव नेहमी सगळ्यांच्या पुढं. मधूनच थांबून मागच्यांना सांगायचे, हिथं डावा पाय टाका, हिथं कडेला जाऊ नका. सगळे त्यांना सुभेदार काका म्हणायचे आणि त्यांचं ऐकायचे.

दिवाळीनंतर मात्र हंबीररावांचं काहीतरी बिनसलं. आता त्यांना एका रविवारची विश्रांतीही नको असायची. सोपा गड काढला की ते नाराज व्हायचे. अवघड वाट, लांबची वाट, कुणी न गेलेली वाट, असं काहीतरी त्यांना दर आठवड्याला हवं असे. जानेवारीत एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "औंदा डिसेंबरात जैसलमेरला जाऊ. वाळूतनं चार दिवस चालायचं असतंय. विश्वजीतनं नंबर काढून दिलाय."

"एवढी काय घाई हाय?" शालूबाईंनी विचारलं.

"घाई न्हाई. पण पुढचं कुणी बघितलंय?"

शालूबाईंनी आणखीही काही गोष्टी पाहिल्या होत्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध जोडला नव्हता. सकाळचं वर्तमानपत्र ते आता "तूच वाच मोठ्यानं" म्हणून त्यांच्याकडं द्यायचे. दिवस मावळला की मोटरसायकल बाहेर काढायचे नाहीत. समोरच्या गाड्यांचे दिवे लय मोठे असतात, अशी तक्रार करायचे. एकदा चहा कपाच्या बाहेर ओतला आणि किटलीचं तोंडच वाकडं आहे म्हणाले. साठी उलटलेल्या माणसाच्या खोड्या म्हणून शालूबाईंनी ते सोडून दिलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी विश्वजीतनं त्यांच्या मनासारखी वाट काढली. फलटण तालुक्यातल्या ताथवड्याहून संतोषगड चढायचा, गडामागच्या धारेनं वरच्या पठारावर निघायचं, आणि पठार तुडवत माण तालुक्यात कुळकजाईच्या बाजूला उतरायचं. तिथं भाड्याची गाडी येऊन थांबणार होती. सगळं मिळून अठरा किलोमीटर. वाटेत झाड नाही, पाणी नाही. विश्वजीत आदल्या आठवड्यात एकटा जाऊन आला होता आणि जिथं जिथं वाटा फुटतात तिथं त्यानं दगडांवर चुन्याचे बाण काढून ठेवले होते.

अकरा जण होते. सकाळी सातला चढायला लागले आणि साडेआठला गडावर पोचले. मागची धार अरुंद होती, दोन्ही अंगांना उतार आणि पायाखाली सुटी खडी. हंबीरराव तिथं नेहमीपेक्षा हळू चालले, पण वाट तशीच होती म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दहाच्या सुमाराला सगळे पठारावर आले. वाळलेलं गवत, काळे दगड, लांबवर पवनचक्क्या, आणि चारी बाजूंना नुसतं आभाळ. वारा होता तोवर ऊन कळलं नाही. अकरानंतर वारा पडला.

साडेअकराला स्वप्नालीच्या पोटऱ्यांत गोळे आले. विट्याच्या एका बँकेत नोकरी करणारी ही मुलगी पहिल्यांदाच एवढं लांब आली होती. तिला उभं राहता येईना. विश्वजीतनं तिचे पाय दाबले, मीठसाखरेचं पाणी दिलं. शालूबाईंनी आपली ओढणी तिच्या डोक्यावर धरली. हंबीररावांनी आपल्याजवळची पाण्याची भरलेली बाटली तिच्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "मी फुडं जातो. गाडीवाल्याला सांगतो, कच्च्या रस्त्यानं जेवढं वर येता येईल तेवढं ये. म्हंजे पोरीला लांब चालाय नको."

"काका, बाण बघत जावा," विश्वजीत म्हणाला. "पुढं वाट फुटलीय, तिथं डावीकडं."

"मला वाट सांगतोस व्हय रं?" हंबीरराव म्हणाले आणि निघाले.

पाऊण तासानं स्वप्नाली उठली. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चालू लागली. वाट फुटली तिथं काळ्या दगडावर हातभर लांबीचा पांढरा बाण होता, डावीकडं रोखलेला. सगळे त्या बाजूनं गेले आणि सव्वाएकच्या सुमाराला कच्च्या रस्त्याला लागले. गाडी तिथं नव्हती. अर्धा तास रस्त्यानं खाली चालल्यावर वळणावर गाडी दिसली. गाडीवाला सावलीला आडवा झाला होता.

"सुभेदार काका कुठं गेले?" विश्वजीतनं विचारलं.

"कोण काका?" गाडीवाला उठून बसला. "हिकडं कोणच आलं न्हाई."

विश्वजीतनं फोन लावला. आवाक्याबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शालूबाईंनी मनाशी हिशेब केला. हंबीररावांजवळ दुसरी बाटली होती ती अर्धीच. साडेअकराला निघाले, आता पावणेदोन. एवढ्या वेळात ते चालत गावात जाऊन परत आले असते.

"काकी, तुम्ही गाडीत बसा," विश्वजीत म्हणाला. "मी मागं जाऊन बघतो. शॉर्टकट मारला असंल त्यांनी."

"मी येणार," शालूबाई म्हणाल्या.

"ऊन लय हाय काकी."

"त्यास्नी पण तेच ऊन हाय."

दोघांनी गाडीतून चार बाटल्या घेतल्या आणि आल्या वाटेनं परत चढले. शालूबाईंना आपले पाय दुखतायत हे जाणवत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. सारखं एकच मनात येत होतं. कुठंतरी पडले असतील, छातीत कळ आली असेल, ओरडत असतील आणि ऐकायला कुणी नसेल. कुठल्या देवाला काय बोलावं तेही सुचत नव्हतं.

वाट फुटली होती त्या दगडाशी त्या थांबल्या. बाण तर लांबूनच दिसत होता. रस्ता चुकायला नवखा माणूस लागला असता, तोसुद्धा आंधळा. उजवीकडं दोन पायवाटा होत्या. एक पठाराच्या कडेनं जाणारी, दुसरी खाली घळीत उतरणारी. घळीच्या वाटेवर मऊ माती होती. शालूबाई वाकल्या. बुटाचा ठसा होता आणि टाचेची बाहेरची कड झिजलेली होती. ते बूट रोज दाराशी त्याच उचलून ठेवायच्या.

"ह्या वाटेनं गेलेत," त्या म्हणाल्या.

विश्वजीत म्हणाला, "ही वाट कुठंच जात न्हाई काकी. खाली जुना बंधारा हाय आणि पुढं कडा. काका तिकडं कशाला जातील? मी कडेची वाट बघतो, तुम्ही थांबा हितंच."

"तू तुझी वाट बघ. मी ही बघते." त्यांनी गळ्यातली शिट्टी दाखवली. "घावले की तीनदा वाजवीन."

विश्वजीतला ते पटलं नाही, पण वाद घालायला वेळ नव्हता. तो धावतच कडेनं निघाला आणि शालूबाई घळीत उतरल्या.

पंधराएक मिनिटं उतरल्यावर मेंढरांचा आवाज आला. वळणावर पन्नास-साठ मेंढरं खडकाच्या सावलीत डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी होती. त्यांच्याजवळ खांद्यावर घोंगडं टाकलेली, शालूबाईंच्याच वयाची एक बाई काठी टेकून बसली होती. कुत्री भुंकायला लागली तशी तिनं त्यांना गप केलं.

"बाई, हिकडनं एक माणूस गेला का? उंच, मिशा हायत, डोक्यावर खाकी टोपी."

"गेला की. लय येळ झाला." तिनं खाली हात केला. "मी म्हटलं, कुणाचा पाव्हणा असा रानात हिंडतोय. हाक मारली, तर हात वर केला आणि तसाच गेला. तुमचे कोण?"

"मालक हायत माझे. ठीक व्हते का? धाप लागली व्हती का?"

"धाप न्हवती." ती बाई थोडं थांबली. "दगडांस्नी हात लावून लावून चालत व्हते. पाय टाकायच्या आधी काठीनं भुई चाचपत व्हते. डोळ्यास्नी कमी दिसतंय का त्यांच्या?"

"न्हाई न्हाई," शालूबाई लगेच म्हणाल्या. "मिलिट्रीत व्हते ते. सगळ्यांच्या पुढं चालत्यात."

बोलून झालं आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. वर्तमानपत्र, मोटरसायकल, किटलीचं वाकडं तोंड. सकाळी धारेवर टाकलेली ती हळू पावलं. आणि लांबून दिसणारा तो हातभर बाण. सगळं एकामागं एक येऊन समोर उभं राहिलं. घाई म्हणजे कसली घाई होती तेही कळलं.

"चला, मी येते संगं," ती बाई उठत म्हणाली. "खाली घसारा हाय. कुत्री बघत्याल मेंढरं. मला हरणाबाई म्हणत्यात."

दोघी उतरल्या. शालूबाईंनी हाक मारली, "आवं." उत्तर आलं नाही. थोडं पुढं जाऊन त्यांनी पुन्हा जोरात हाक मारली. या वेळी खालून शांत आवाज आला.

"हिथं हाय मी. सावकाश ये, डाव्या हाताला खडी सुटलीय."

मातीनं भरलेल्या जुन्या बंधाऱ्याशी एक हिवराचं झाड होतं. त्याच्या विरळ सावलीत हंबीरराव खोडाला पाठ लावून बसले होते. गुडघ्यावर पँट फाटली होती आणि तळहात सोलले होते. टोपी मांडीवर होती. बाटलीत अजून दोन घोट पाणी शिल्लक होतं. एवढं त्यांनी राखून ठेवलं होतं.

शालूबाईंनी तीनदा शिट्टी वाजवली. वरून, लांबून, विश्वजीतची शिट्टी आली. मग त्या नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग छातीला, मग गुडघ्याला. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांना रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं.

हंबीरराव म्हणाले, "घसरलो. मग म्हटलं आता हलायचं न्हाई. वाट चुकली की हाय तिथं बसायचं असतंय. कोणतरी येतंय."

"बाण दिसला न्हाई तुमास्नी?"

हंबीरराव मांडीवरची टोपी फिरवत राहिले.

"एवढा मोठा बाण. मला लांबनं दिसला."

"न्हाई दिसला," ते म्हणाले. "उन्हात समदं पांढरं हुतंय, शालू. दगूड पांढरा, गवात पांढरं, त्यात चुन्याचा बाण कुठला दिसतोय. गेलं वरीसभर चाललंय हे."

हरणाबाई जरा लांब जाऊन बंधाऱ्याच्या दगडावर बसली.

"तात्यांचं झालं तसंच हाय हे," हंबीरराव पुढं म्हणाले. तात्या म्हणजे त्यांचे वडील. त्यांची नजर साठीला जायला लागली आणि तीन वर्षांत पुरती गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, पण तोवर उशीर झाला होता. हंबीरराव तेव्हा सीमेवर होते. सुट्टीवर आले की तात्या त्यांच्या पट्ट्याचं बक्कल चाचपून त्यांना ओळखायचे. "आता माझी बारी. म्हणून म्हटलं, दिसतंय तवर हिंडून घ्यावं. गड बघावं. तुला वाळू दाखवावी."

"आणि मला सांगायचं न्हाई?"

"कसं सांगायचं? तात्यांचं नऊ वर्षं तू केलंस. ताटात कुठं काय वाढलंय ते सुदीक तू बोलून दावायचीस. मी नोकरीवर. आता कुठं तू घराबाहेर पडून हसाय लागलीस. परत तेच तुझ्या पुढ्यात कसं आणून टाकू?"

शालूबाई ओढणीनं तोंड पुसून म्हणाल्या, "तात्यांचं वझं झालं न्हवतं असं मी म्हणणार न्हाई. झालं व्हतं. कवाकवा लय झालं व्हतं. पण तात्या न सांगता कुठं निघून जात न्हवते. आज दीड तास मी काय काय बघितलं डोळ्यांपुढं, ते तुमाला ठाव न्हाई."

"चुकलं माझं," हंबीरराव म्हणाले. शालूबाईंना त्यांच्या तोंडून हे ऐकल्याचं आठवत नव्हतं.

"डॉक्टरला दावलं का?"

"काय दावायचं? काय सांगणार ते मला ठाव हाय."

हरणाबाई दगडावरून उतरून आली. तिनं कमरेच्या पिशवीतून ताकाची बाटली काढून शालूबाईंच्या हातात दिली आणि हंबीररावांसमोर उकिडवी बसली. "सायब, वर बघा वाईच. उन्हाकडं तोंड करा."

हंबीररावांना आधी ते आवडलं नाही. पण त्यांनी तोंड वर केलं.

"आमच्या मालकांचं, अर्जुनाचं, असंच झालं व्हतं," हरणाबाई म्हणाली. "कोकरू कुठलं आणि कुत्रं कुठलं कळंना. आमी म्हटलं, गेले डोळे. मग दहिवडीला कॅम्प व्हता तिथं नेलं. पडदा आला व्हता, तो काढला. आता बांधावरनं मेंढरं मोजतोय. तुमच्या बुबुळात तसंच दुधागत दिसतंय मला. मी डॉक्टर न्हाई. पण दावा एकदा."

"बाई, आमचं वडिलांकडनं आलंय," हंबीरराव म्हणाले.

"आलं असंल. पण इचारायला काय जातंय?"

तेवढ्यात विश्वजीत घळीतून धावत, घसरत खाली आला. त्याचा चेहरा उन्हानं आणि धावण्यानं लालबुंद झाला होता. त्यानं हंबीररावांना बघितलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून नुसताच श्वास घेत उभा राहिला. "काका," एवढंच म्हणाला. मग बाटली उघडून त्यांना पाणी दिलं, गुडघ्याला पट्टी बांधली, पाय वाकवून पाहिला. मोडलं काही नव्हतं. चालता येत होतं.

"विश्वजीत, बाण तुझे बरोबर व्हते," हंबीरराव त्याला म्हणाले. "मला दिसले न्हाईत. माझी नजर गेलीय. आधी सांगाय पायजे व्हतं. मी लोकास्नी वाट दावत फुडं चालत व्हतो, ते बरं न्हवतं."

विश्वजीतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "काका, तुम्ही घावलासा, बास."

ऊन कलायला लागेपर्यंत ते हिवराखाली थांबले. चौघांनी ताक संपवलं. साडेचारला निघाले. हरणाबाई मेंढरांपर्यंत त्यांच्याबरोबर आली. शालूबाईंनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि कुंडलला यायचं वचन घेतलं. हरणाबाई म्हणाली, मेंढरं घेऊन येऊ का, उसात सोडायला? त्यावर हंबीररावसुद्धा हसले.

मग विश्वजीत पुढं, मध्ये शालूबाई, मागं हंबीरराव, अशी ही तिघांची रांग घळ चढू लागली. शालूबाईंच्या काठीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं हंबीररावांच्या. "उजव्या पायाला खड्डा," त्या सांगायच्या. "आता पायरी, गुडघ्याएवढी. आता चार हात सपाट." सुरुवातीला त्यांना स्वतःचा आवाज कानाला वेगळा वाटत होता. थोड्या वेळानं तो सवयीचा झाला. हंबीरराव पाऊल चुकत नव्हते. त्या सांगतील तिथं पाय पडत होता.

"तुझी कमांड बरी हाय," ते मागून म्हणाले.

"आयकायची सवय ठेवा."

पठारावर आल्यावर वारा सुटला. उन्हाचा चटका गेला होता आणि गवताच्या पात्यांवर पिवळा उजेड पसरला होता. हंबीरराव चालता चालता बोलायला लागले. जैसलमेरच्या पुढं त्यांची तुकडी पहाटे चालायला निघायची. वाळू रात्रीची गार असायची. पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि प्रत्येक पाऊल दोनदा टाकल्यासारखं वाटायचं. सूर्य आला की टेकड्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसायच्या, आणि दुपारी त्याच टेकड्या दुसरीकडं गेल्यासारख्या वाटायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. शालूबाई मधूनच "खड्डा" म्हणायच्या आणि ते खड्डा ओलांडून पुढं सांगत राहायचे. एवढा भयंकर दिवस गेला होता आणि तरी शालूबाईंना वाटलं, आजच्यासारखं चालणं आपण कधी चाललो नाही. नवरा जिवंत होता, मागं होता, बोलत होता. आणि घरात गेलं वर्षभर जे काही न दिसणारं येऊन बसलं होतं त्याला आता नाव होतं.

गाडीशी पोचले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. स्वप्नाली लंगडत पुढं आली आणि तिनं हंबीररावांची रिकामी बाटली त्यांना परत दिली. कुणी फार काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, दोघं सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर संयोगिता पस्तिशीच्या होत्या. बोलायला मोकळ्या. हंबीररावांनी पलटणीत रिपोर्ट द्यावा तसं सगळं एका दमात सांगितलं. वडील, काचबिंदू, उन्हातली पांढरी भुई, दिव्यांची प्रभावळ. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, प्रेशर मोजलं, मशिनपुढं हनुवटी टेकवायला लावली. मग दुसऱ्या मशिनवर लुकलुकणारे ठिपके मोजायला लावले. दोन तास गेले. शालूबाई भिंतीशी बाकावर बसून पर्सच्या चेनशी खेळत होत्या.

शेवटी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं.

"काका, तुम्हाला काचबिंदू नाही," त्या म्हणाल्या. "प्रेशर नॉर्मल आहे, मागची नस चांगली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बराच पिकलाय, म्हणून उन्हात आणि दिव्यांपुढं त्रास होतो. ऑपरेशन आधी डाव्याचं करू, महिन्यानं उजव्याचं. वडिलांना होता म्हणून दरवर्षी एकदा तपासून मात्र घ्यायचं."

हंबीरराव स्टुलावर ताठ बसून होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"परत सांगता का?" ते म्हणाले.

डॉक्टरांनी परत सांगितलं, आणखी सावकाश.

"म्हंजे दिसंल?"

"दिसेल. आत्तापेक्षा पुष्कळ चांगलं दिसेल."

शालूबाईंनी विचारलं, "डॉक्टर, डिसेंबरात ह्यास्नी वाळूत चालायचं हाय. चार दिवस. चालंल का?"

"डिसेंबरपर्यंत दोन्ही डोळे होऊन जातील. गॉगल घालायचा, धूळ जाऊ द्यायची नाही. आणि तुम्ही बरोबर असाल ना?"

"असणार की," शालूबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर हंबीरराव पायऱ्यांवर बसले. थेंबांमुळं डोळ्यांपुढं सगळं विरघळलेलं होतं, आणि माणसं जा-ये करत होती, तरी ते हलले नाहीत. वर्षभर रोज पहाटे उठल्यावर पहिल्यांदा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय का ते बघायचं, कालपेक्षा किती कमी दिसतंय ते बघायचं, आणि मग उठून तोंड धुवायचं, असं ते जगत आले होते. हे त्यांनी शालूबाईंना तिथं पायऱ्यांवर सांगितलं. मग म्हणाले, "भूक लागलीय मला." दोघांनी कोपऱ्यावरच्या गाड्यावर भडंग घेतलं, कांदा घालून, आणि उभ्यानंच खाल्लं.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली. तासगाव यायच्या आत हंबीररावांना झोप लागली. त्यांचं डोकं हळूहळू कलंडत शालूबाईंच्या खांद्यावर आलं. चारचौघांत असं कधी झालं नव्हतं. समोरच्या सीटवरच्या बायकांनी बघितलं, शालूबाईंनी त्यांना बघू दिलं. पलूस गेलं. कुंडलचा थांबा आला. कंडक्टरनं नाव पुकारलं, दोघे-चौघे उतरले. शालूबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. कपाळावरची आठी गेली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. त्यांना उठवायला उचललेला हात त्यांनी परत आपल्या मांडीवर ठेवला. गाडी सुटली.

पुढच्या फाट्यावर हंबीरराव दचकून जागे झाले. "कुठं आलो?"

"पुढं आलो. उतरा आता."

उतरल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं. डोळ्यांतला थेंबांचा अंमल अजून पुरता गेला नव्हता. "रिक्षा बघू का?" ते म्हणाले.

"कशाला? तीनच तर किलोमीटर हाय."

पाच वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरे आलेला ऊस होता. शालूबाईंनी पर्स खांद्याला अडकवली, हंबीररावांचा हात धरला, आणि दोघं कुंडलच्या दिशेनं चालू लागली.